कारण दिसत नाही

“तीन की तेरा?” रांगेतल्या पुढच्या बाईनं मागे वळून विचारलं, आणि तेओफिल वार्देंगाच्या हातातली रिकामी पिशवी उगाचच हलली. मासळीच्या दुकानापुढची रांग पार कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापर्यंत गेली होती. मार्च महिना, पायाखाली चिखल झालेलं बर्फ, दार उघडलं की आतून खारवलेल्या हेरिंगचा भपकारा. त्याच्या घरचं स्वयंपाकपाणी बघणारी गेन्या पाय सुजून पडली होती, म्हणून आज तो स्वतः आला होता. फरची टोपी त्यानं कपाळावर ओढून घेतली होती, कुणी ओळखू नये म्हणून. आणि औषधवाल्यापासून इथवर सरकताना दर पावलाला त्याला वाटत होतं, की कुणीतरी ओळखावं. तसं कुणी ओळखलं नव्हतं. मागचा जाडसर माणूस त्याला दोनदा ‘आजोबा’ म्हणाला होता. आणि आता ही बाई. साठी उलटलेली, करड्या रुमालात घट्ट बांधलेलं डोकं, हातात जाळीची पिशवी. तिचा चेहरा त्यानं कधी पाहिलेला नव्हता.

“माफ करा, मला नीट ऐकू आलं नाही.”

“आलं की. तीन की तेरा, प्रोफेसर?”

मागच्या जाड्याला वाटलं, बाई रांगेतला नंबर विचारताहेत. “तेरा मी आहे,” तो म्हणाला. “आजोबा बारा. आणि तीन नंबर केव्हाच घरी गेला. तळून खातही असेल एव्हाना.” दोघेतिघे हसले. बाई हसली नाही. “मी ओतिलिया ओसूख,” ती वार्देंगाला म्हणाली, दुकानात भाव सांगतात तितक्याच सपाट आवाजात. “क्लेमेन्सची बायको. चार वर्षांपूर्वी गेला तो. घाई नाही, सावकाश आठवा.” मग तिचा नंबर आला, तिनं हेरिंग कागदात बांधून घेतलं आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. त्यानंही हेरिंग घेतलं. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, अजून काही? तो म्हणाला, तेरा. “काय तेरा?” पोर खेकसली. “तुकडे? डोकी? लवकर बोला आजोबा, मागे लोक आहेत.”

बाहेर येऊन तो ट्रामच्या थांब्यावरच्या ओल्या बाकावर बसला. आठवायची गरज नव्हती. तारखा तो कधी विसरत नसे, माणसं विसरे. दीड वर्षापूर्वीपर्यंत तो देशाचा पहिला माणूस होता. तेरा वर्षं परिषदेचा अध्यक्ष, वर्गावर्गांत फळ्याच्या वर त्याचा फोटो, राजदूत त्याच्यापुढे वाकत. खरी सत्ता शेजारच्या इमारतीत पक्षाकडे होती आणि सह्या याच्याकडे, हे सगळ्या वॉर्साला ठाऊक होतं, त्यालाही. पण इतिहासकाराला सहीची किंमत कळते. माणसं मरून जातात, सही दप्तरात राहते, असं तो विद्यार्थ्यांना सांगत असे आणि मग क्षणभर थांबत असे, त्यांनी लिहून घ्यावं म्हणून. क्लेमेन्स तेवढा लिहून घेत नसे. पहिल्या बाकावर बसून, थंडीनं लाल झालेल्या कानांनी नुसता ऐकत असे. त्याला सगळं राहायचं डोक्यात. त्याच्याइतका हुशार विद्यार्थी वार्देंगाला पुन्हा मिळाला नाही, आणि हे त्यानं कुणापाशी कधी बोलून दाखवलं नाही, क्लेमेन्सपाशी तर नाहीच.

सगळं एका कागदावर उभं होतं. १८६३च्या बंडात नदीकाठच्या एका गावातल्या पाच जणांना झारच्या लोकांनी फासावर चढवलं. त्यांची नावं कुणी फोडली? जमीनदाराकडे लिहिण्याचं काम करणाऱ्या हिलारी ब्झोस्त नावाच्या कारकुनाचा जबाब दप्तरखान्यात होता. त्यात पाचही नावं, आणि वर तारीख, तीन ऑक्टोबर. अटका झाल्या आठ तारखेला. म्हणजे ब्झोस्त फितूर. तिशीतल्या वार्देंगानं एवढ्यावर एक पुस्तक लिहिलं: जमीनदाराच्या पंक्तीला बसणारा माणूस वेळ आली की कष्टकऱ्याला कसा विकतो. युद्धानंतर ते पुस्तक शाळाशाळांतून गेलं, त्याला विद्यापीठात जागा मिळाली, मग विभागप्रमुखपद, मग मंत्रिपद. ब्झोस्तच्या पणतीनं लाजेनं आडनाव बदलून घेतलं असं कुणीतरी जेवताना सांगितलं होतं, आणि टेबलावरचे सगळे हसले होते, तोही हसला होता. मग एकोणीसशे सदुसष्ट साली क्लेमेन्सचा लेख आला. चार पानं, एकही विशेषण नाही. कागद बांधताना तारखेतला एकचा आकडा शिवणीत गेला आहे, असं त्यात होतं. तारीख तीन नाही, तेरा आहे. तेरा तारखेला पाचही जण आधीच तुरुंगात होते. ब्झोस्तला पाच दिवस बडवून, जे माहीतच होतं ते त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं. तो फितूर नव्हता. तो मार खाल्लेला एक माणूस होता, बस.

वार्देंगा तेव्हा शिक्षणमंत्री होता. एका शनिवारी तो एकटाच दप्तरखान्यात गेला. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारानं हाडाच्या सुरीनं शिवण हलकेच उसवली, कागद सपाट केला, आणि तो एक दिसला. बारीक, पातळ चहाच्या रंगाचा, अंग चोरून उभा. वार्देंगानं त्याच्याकडे मिनिटभर पाहिलं. त्याला राग आला नाही, भीती वाटली नाही; त्या शाईचं उलट कौतुकच वाटलं, की शंभर वर्षं दोऱ्याखाली दडून राहिली. “काही नाही,” तो म्हणाला. “डाग आहे.” रखवालदारालाही डोळे होते. तो म्हणाला, “हो साहेब, डागच आहे,” आणि त्यानं शिवण पुन्हा घातली, आधीपेक्षा घट्ट. घरी जाऊन वार्देंगा राय धान्याच्या पिठाच्या आंबट सुपाचे दोन वाडगे प्याला होता. भूक चांगली लागली होती. पुढच्या वसंतात नकोशा शिक्षकांच्या याद्या सहीला आल्या. तेविसावं नाव क्लेमेन्स ओसूख. ते त्यानं घातलं नव्हतं, अगदी शपथेवर सांगता आलं असतं. त्यानं ते फक्त काढलं नव्हतं. क्लेमेन्स प्रुश्कूफच्या एका तंत्रशाळेत लेथच्या कारागिरांना इतिहास शिकवायला गेला.

एक ट्राम आली आणि गेली. ड्रायव्हरनं त्याच्यासाठी दार जरा जास्तच वेळ उघडं ठेवलं होतं. हेरिंगचं पाणी कागदातून झिरपून कोटाला लागलं होतं. त्याला दहा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार आठवत होता, आणि अडचण ही होती, की तो गुरुवार चांगला गेला होता.

क्लेमेन्सचा मुलगा रेमेक बावीस वर्षांचा. दोन मित्रांबरोबर गोदाम फोडलं, पहारेकरी आडवा आला, याच्या हातात लोखंडी कांब होती. पहारेकऱ्याला दोन मुली होत्या. मित्रांना तुरुंगाची वर्षं मिळाली, रेमेकला फाशी. माफीचा अधिकार परिषदेकडे. अर्जाच्या डोक्यावर ग्रोखूफमधला पत्ता, खाली आईबापांच्या सह्या. भेटीची वेळ मागितली तेव्हा वार्देंगानं लगेच दिली. अध्यक्षाच्या पांढऱ्या वाड्यात, उंच खिडक्यांच्या खोलीत, क्लेमेन्स दाराशीच उभा राहिला.

“अरे बस ना. किती वाळलास! घरी खायला घालत नाहीत का?”

“सर, मी रेमेकसाठी आलोय.”

“ठाऊक आहे. वाचला मी अर्ज. तुझी भाषा पहिल्यापासून स्वच्छ. चहा घे. ही पोंचकी घे, आत गुलाबाचा मुरंबा आहे. इथला आचारी गाढव आहे, पण हे त्याला जमतं.”

मग तो बोलत सुटला. पाच वर्षं त्या वाड्यात कुणी त्याच्याशी जुन्या कागदाबद्दल एक शब्द बोललं नव्हतं. राजदूत हवेबद्दल बोलत, मंत्री एकमेकांबद्दल. त्यानं क्लेमेन्सला शाईबद्दल विचारलं, पाणचिन्हांबद्दल विचारलं, मठातल्या दप्तरांचं पुढे काय झालं ते विचारलं, आणि क्लेमेन्सनं प्रत्येक प्रश्नाचं नेमकं, पुरेसं उत्तर दिलं, तोंडी परीक्षेला बसल्यासारखं. चहा गार झाला. वार्देंगाला कितीतरी दिवसांनी डोकं हलकं वाटत होतं. आपलं या पोरावर प्रेम आहे, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. आणि त्याच मायेच्या भरात तो म्हणाला, “तुझं ते तीन-तेराचं तेवढं राहिलंच बघ.”

“काय राहिलं, सर?”

“काही नाही रे. परदेशातले लोक अजून तुझा लेख माझ्या तोंडावर फेकतात. हसू येतं. एवढासा डाग!”

क्लेमेन्सनं बशीकडे पाहिलं. “मी पुन्हा एकदा कागद बघू का, सर?”

“कागद कशाला? तो काय पळून जातोय? माणसाला मागाहून काय वाटतं, त्याला महत्त्व.” आणि हात उडवून: “हे बघ, याचा त्याच्याशी संबंध नाही हां. उगाच मनात आणू नकोस. तो विषय परिषदेचा. हा आपल्या दोघांचा.”

“नाही सर. संबंध कसा असेल.”

जाताना क्लेमेन्सनं बुटांवर घालायचे रबरी जोडे उलटसुलट पायांत चढवले आणि तसाच तो सगळा संगमरवरी जिना उतरून गेला. दारवान तोंड फिरवून हसला. वार्देंगानं खिडकीतून पाहिलं. जिन्याखालच्या गुळगुळीत बर्फावरून क्लेमेन्स बदकासारखा चालत होता, पाय बाहेर फाकलेले. त्यानं हाक मारून सांगायला हवं होतं. पण अध्यक्षानं खिडकीतून हाक मारायची नसते.

नवव्या दिवशी पत्र आलं, सहा ओळींचं, इतिहासाच्या मासिकाच्या नावे, प्रत वार्देंगाला. ‘माझं वाचन चुकलं होतं. ज्याला मी आकडा समजलो तो डाग आहे.’ पुढच्या अंकात ते छापून आलं. वार्देंगानं अंक हातात घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही; उलट, चांगलं जेवण ताटात वाढून आल्यावर भूक मेल्यासारखं झालं. पंधरा दिवसांनी परिषद बसली. सचिवानं प्रकरण वाचलं. टेबलापलीकडे होनोराता नावाची एक जुनी विणकर बाई बसायची, आयुष्यभर गिरणीच्या आवाजात राहिल्यामुळे मोठ्यानं बोलणारी. ती म्हणाली, “बावीस वर्षांचं पोर आहे हो. चुकलं. पण बावीस!” आणखी दोघांनी माना हलवल्या आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, कारण अशा वेळी तो जे म्हणेल तेच होत असे.

तेव्हा नेमकं काय झालं, हे त्याला बाकावर बसून पुन्हा पाहायचं नव्हतं, आणि तेच दिसत होतं. माफी द्यायची असंच ठरवून तो आला होता. पण त्याच्या डोक्यातला इतिहासकार जागा झाला. पन्नास वर्षांनी कुणीतरी चष्मेवाला पोरगा दप्तर उघडेल, आणि एका पानावर क्लेमेन्सच्या माघारीची तारीख, दुसऱ्या पानावर क्लेमेन्सच्या मुलाच्या माफीची तारीख, मध्ये पंधरा दिवस. त्यानं स्वतः असे कितीतरी जण पकडले होते, दोन तारखा शेजारी ठेवून. तो पोरगा एक वाक्य लिहील, आणि ती माघार मातीमोल होईल, आणि पुस्तकही. माफी नाकारली तर दोन्ही कागद स्वच्छ राहतात. हे सगळं मनात येऊन जायला होनोराताच्या खोकल्याएवढाच वेळ लागला. तो म्हणाला, “माफीला कारण दिसत नाही.” सचिवानं तेच शब्द लिहून घेतले. वार्देंगानं सही केली. त्या दिवसापासून होनोरातानं पुढे कधी त्याच्याशी हात मिळवला नाही, आणि त्याला वाटे, म्हातारीची बोटं दुखत असतील.

पुढची ट्राम आली तेव्हा तो चढला. एका कॉलेजच्या मुलीनं त्याला जागा दिली आणि हेरिंगच्या वासानं लगेच दोन पावलं लांब सरकली. नदी ओलांडली. आपण काय बोलणार आहोत हे तो ठरवू पाहत होता, पण डोक्यात जुन्या भाषणांचीच वाक्यं येत होती, टाळ्यांच्या जागांसकट. ग्रोखूफला तो उतरला, पत्ता पाठ होता. काँक्रीटची इमारत, चौथा मजला, लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

ओतिलियानं दार उघडलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “या. बूट काढा, फरशी पुसलीय.”

उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तो स्वयंपाकघरात मेणकापडाच्या टेबलाशी बसला आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतले. “तेरा,” तो म्हणाला.

“हो. ते मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, तेवढं बघायचं होतं. कधीपासून?”

“सदुसष्टपासून.”

ती ओट्याला टेकली. एवढ्याची बहुतेक तिनंही कल्पना केली नव्हती. “म्हणजे तो इथे, याच टेबलावर ते पत्र लिहीत होता, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. चला. म्हणजे कुणालाच कुणी फसवलं नाही.”

“बाई, मी—”

“बोलू नका. लिहून द्या.” तिनं चौकटीच्या वहीतून एक पान फाडून त्याच्यापुढे ठेवलं आणि खणातून लाल पेन्सिल काढून स्वतः समोर बसली. पस्तीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेली बाई. तिचं ते बसणं पाहूनच त्याची पाठ सरळ झाली. तारखेचं त्यानं दोन ओळींत लिहिलं. सोपं गेलं, मन मोकळं झाल्यासारखंसुद्धा वाटलं. तिनं वाचून मान डोलावली. “आता रेमेकचं.”

त्यानं पुष्कळ वेळ विचार केला आणि लिहिलं: ‘तत्कालीन परिस्थितीत सर्व बाबींचा विचार करून दयेचा अर्ज फेटाळण्यात आला.’

“कुणी फेटाळला?”

“परिषदेनं.”

“परिषदेला हात असतात का? सही कुणाची?” लाल रेघ ओढली. “पुन्हा.”

‘परिषदेच्या मतानुसार मला नाइलाजानं—’

“नाइलाज कसला? कुणी मान धरली होती?” रेघ. “पुन्हा.”

ती ओरडत नव्हती. तिसरीतल्या मंद मुलाला समजावावं तसं ती समजावत होती. दोन पानं गेली, तीन गेली. तिनं स्वतःसाठी चहा केला, त्याला विचारलं नाही. समोरच्या इमारतीवरचं ऊन सरकून गच्चीच्या पत्र्यांवर गेलं. त्याचं बोट दुखायला लागलं. इतकी वर्षं लिहायला माणसं होती, त्याच्याकडे फक्त सह्या. ‘देशहित’ लिहिलं, ते तिनं खोडलं. ‘दुर्दैवानं’ लिहिलं, तेही खोडलं. “दैव कुठून आलं मध्येच? ते काय बैठकीला हजर होतं?” पाचव्या पानावर त्याच्याकडे शब्दच उरले नाहीत, तेव्हा तो मुलासारखा लिहू लागला. ‘अर्ज मी फेटाळला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हो म्हटलं असतं तर मुलगा वाचला असता. क्लेमेन्सचं पत्र नुकतंच छापून आलं होतं. दोन तारखा शेजारी आल्या असत्या तर लोक बोलले असते. लोकांनी बोलू नये म्हणून मी त्याला मरू दिलं.’

तिनं ओठ हलवत वाचलं. पेन्सिलीचं टोक शेवटच्या दोन शब्दांखाली थांबलं. त्यानं कागद ओढून घेतला, ते खोडलं आणि वर लिहिलं, ‘मारलं’.

आता ही रडेल, असं त्याला वाटलं. तिच्या हातावर ठेवायला त्यानं आपला हात थोडा पुढेही सरकवला. तिनं एका राहिलेल्या स्वल्पविरामाची लाल खूण केली. “सही करा. तारीख घाला. आकडे नीट काढा, शिवणीत जाऊ देऊ नका.”

त्यानं सही केली. “मासिकाला पाठवणार?”

“मी? छे.” तिनं कागदाची चार घड्यांची घडी केली, उठून दाराशी गेली आणि खुंटीवरच्या त्याच्या कोटाच्या खिशात ती सरकवली. “माझ्या घरात रेमेकचा शाळेतला फोटो आहे, क्लेमेन्सचा चष्मा आहे. त्यात तुमचं अक्षर कशाला?”

“मग लिहून का घेतलंत?”

“तुम्हाला येतं का, ते बघायला.” तिनं त्याचे बूट पायानंच त्याच्याकडे सरकवले. “येतं की. म्हणजे तेव्हाही येत होतं.”

तिनं दार लावलं. आपटलं नाही, शेजारी झोपलेल्यांचा विचार करून लावावं तसं सावकाश लावलं. जिना उतरताना त्यानं खिशाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलाशी बसला. गेन्या सुजलेल्या पायांनी स्वयंपाकघरात फरफटत होती, अंडी उकडत होती, आणि पाय बरे असलेल्या माणसांना शिव्या घालत होती. त्यानं कोटातली घडी आणून उलगडली. एकही कागद त्यानं आयुष्यात फाडला नव्हता. हा फाडावा असंही त्याच्या मनात आलं नाही. दुसऱ्या कुणाचा कागद वाचावा तसा त्यानं तो वाचला, कोपर टेबलावर, डोळे बारीक. अक्षर थरथरलेलं. वाक्यं तुटक. ‘तोंडाकडे बघत होते’ ही काय भाषा झाली? पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची. असल्या मजकुराला कुठलाच गंभीर वाचक हात लावणार नाही, हे त्याला सरळ दिसत होतं. त्यानं कोरा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. पहिल्यांदा फक्त ‘मी’ गाळला. त्यानं वाक्य जरा सैल झालं, श्वास घेऊ लागलं. मग ‘तोंडाकडे’ गेलं. मग लोक गेले. मग क्लेमेन्स. हात आपोआप चालत होता, कालच्या दुखऱ्या बोटाचं आता काही वाटत नव्हतं. ‘दयेचा अर्ज फेटाळण्यात आला,’ त्यानं लिहिलं, आणि पूर्णविराम देऊन एकदा मोठ्यानं वाचून पाहिलं. कुठे अडत नव्हतं.

“साहेब, अंडी गार होताहेत,” गेन्या आतून ओरडली.

“आलो, आलो,” तो म्हणाला, आणि शाई वाळेपर्यंत थांबला.